रक्तातलं कुटार

रक्त गोठतं कसं, हे मला पहिल्यांदा कळलं ते साबणामुळे.

खामगावात आमची रक्तलघवी तपासायची लॅब होती. आमची म्हणजे डॉक्टरांची, पण उभा जन्म तिथे काढला म्हणून तोंडात 'आमची' असंच बसलंय. मी सातवी पास. काचेच्या नळ्या धुवायला लागले आणि मग हळूहळू रक्त काढायला शिकले, ते फिरवायला शिकले, यंत्र लावायला शिकले. कागदावर सही डॉक्टरांची, दंडाला पट्टा बांधणारा हात माझा. समोर बसवून असं कोणी शिकवलं नाही. औषधांच्या डब्यातून घडीचे बारीक छापलेले कागद यायचे, त्यातली इंग्रजी अक्षरं लावायची आणि अडलं की डॉक्टरांना 'काऊन', म्हणजे 'का', असं विचारायचं. डॉक्टर म्हणायचे, "मंदाताई, एवढे प्रश्न मला परीक्षेतसुद्धा कोणी विचारले नव्हते."

तर साबण. पिंपळगाव राजाकडचा एक माणूस साप चावला म्हणून आमच्या शेजारच्या दवाखान्यात आणला होता. घोणस चावली तर रक्त गोठायचं थांबतं, आणि ते तपासायला मोठं यंत्र लागत नाही. काचेच्या कोऱ्या नळीत थोडं रक्त घ्यायचं, वीस मिनिटं तिला हात लावायचा नाही, मग नळी आडवी करून पाहायची. रक्तानं दह्यासारखं धरलं तर देव पावला. पाण्यासारखं वाहिलं तर धावपळ. त्या दवाखान्यातला कंपाउंडर नळी घेऊन आमच्याकडे पळत आला. रक्त वाहत होतं. मागून त्या माणसाचा भाऊ रडत आला.

डॉक्टरांनी नळी उजेडात धरली. "ही नळी कुठली रे?"

"आपलीच हाय साहेब. कालच पावडर लावून घासली, पाहा कशी चकचक करून राह्यली!"

डॉक्टरांनी कपाटातली नवी नळी काढून दिली आणि पुन्हा रक्त घ्यायला लावलं. या वेळी मस्त धरलं. तरी खबरदारी म्हणून त्या माणसाला रात्रभर ठेवून घेतलं. संध्याकाळी भावानं तो साप काठीवर टाकून दाखवायला आणला, तर ती बिचारी धामण निघाली.

मी विचारलं, "काऊन हो साहेब? रक्त तेच, माणूस तोच."

"रक्ताला काच परकी लागते, मंदाताई. काचेला टेकलं की जखम झाली असं समजून ते गोठायला लागतं. साबणाचा पापुद्रा राहिला, मग त्याला काच लागणार कशी?"

"म्हणजे रक्ताले डोळे नाहीत. चाचपून पाहते ते."

"चाचपूनच," डॉक्टर हसले. हे चाचपणं माझ्या डोक्यात जे बसलं ते आजपर्यंत.

लॅबमध्ये माणसं कशी कशी यायची! एक शेतकरी आजोबा रिपोर्ट घेतल्यावर उठेचनात. म्हणे, "एवढं रगत काढलं, तपासाले लागलं चमचाभर. उरलेलं वापस द्या." एक मास्तर उपाशीपोटी या म्हटलं की उपाशीच यायचे, पण सोबत डबा आणायचे आणि सुई निघायच्या आत झाकण उघडायचे. काढलेलं रक्त आम्ही विकतो अशी अर्ध्या गावाची खात्री होती. मला राग नाही यायचा. आपल्या अंगातलं कोणी काढून घेतं आणि काचेमागे नेतं, तर माणूस विचारणारच की तिकडे काय चाललंय. मीही तेच विचारत होते, फक्त काचेच्या आतल्या बाजूनं.

पण मला सांगायचं आहे ते रेखाचं.

तिला घेऊन आल्या तिच्या सासूबाई, कौसल्याबाई. वरवट बकालच्या. वांगी, मेथी, सांबार म्हणजे कोथिंबीर, स्वतः पिकवायच्या आणि बाजारात बसून स्वतः विकायच्या. आवाज बाजारात कमावलेला. दारातूनच म्हणाल्या, "हिचं रगत पाहा बाई. रगत हाय का निस्तं पाणी हाय, थे तरी सांगा."

मागे रेखा. मान खाली. बायकांच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी दिलेली चिठ्ठी तिच्या मुठीत भिजून गेली होती. तिचे तीन गर्भ गेले होते, आणि तेही सुरुवातीला नाही. पोट दिसायला लागलं, शेजारणी विचारायला लागल्या, की जायचे.

मी पट्टा बांधत होते, कौसल्याबाईंचं चालूच. "पाव्हणे म्हणून राह्यले, गजाननले दुसरी पाहा. माही इच्छा नाई बाप्पा. पण वावर पेरून पेरून उगवतच नसन, तं माणूस काय करन?"

रेखाची शीर माझ्या बोटाखाली होती. ती एकदम आत ओढल्यासारखी झाली. सुईवाल्या बायांना हे कळतं. माणूस घाबरलं की शीर लपते.

"कौसल्याबाई, जरा बाहेर पंख्याखाली बसता?"

त्या गेल्या. रेखा पहिल्यांदा बोलली. "मावशी, काहीतरी निघू द्या."

"असं काऊन म्हणतं वं? लोक म्हणतात काही निघू नये."

"काही निघालं तं त्याले औषध तरी असन. काहीच नाई निघालं, तं मीच खोटी निघते."

इतक्या वर्षांत माझ्याकडे कोणी असं मागणं मागितलं नव्हतं. मी तिला म्हटलं, "बघू."

आता ही तपासणी काय ते थोडक्यात सांगते. निळ्या टोपणाच्या नळीत रक्त घेतलं की ते गोठत नाही, कारण नळीत औषध असतं. ती नळी गरागरा फिरवणाऱ्या यंत्रात ठेवली की जड लाल भाग तळाला जातो आणि वर पिवळं पाणी राहतं. त्याला प्लाझ्मा म्हणतात. त्यात औषध घालून गोठायला किती वेळ लागतो ते मोजायचं. एक साधी तपासणी आम्ही खामगावातच करायचो. दुसरी खास होती, ती पुण्याच्या मोठ्या लॅबला जायची.

पुण्याला पाठवायची आमची एक पद्धत होती आणि तिचा मला गर्व होता. प्लाझ्मा छोट्या कुपीत घ्यायचा, दगडासारखा गोठवायचा आणि थर्मासात ठेवायचा. भोवती बर्फ साधा नाही. चौकातल्या कुल्फीवाल्याकडून मीठ घातलेला आणायचा, तो साध्या बर्फापेक्षा जास्त गार असतो. मग संध्याकाळच्या लक्झरीच्या ड्रायव्हरच्या हातात द्यायचा आणि बजावायचं, "भाऊ, हे इंजिनाजवळ ठेवू नको." आमचं सॅम्पल कधी वितळून पोचलं नाही. पुण्याहून शाबासकी यायची.

रेखाचंही तसंच गेलं. जायच्या आधी मी इथली साधी तपासणी लावली. रक्त वेळेत गोठेना. रेंगाळलं. मी पुन्हा लावली, पुन्हा रेंगाळलं. मनात म्हटलं, रेखाबाई, निघालं वाटतं काहीतरी.

आणि पुण्याहून कागद आला, सगळं नॉर्मल.

कौसल्याबाईंनी तो उलटासुलटा पाहिला. वाचता येत नव्हतं, पण 'नॉर्मल' हा शब्द आता कोणालाही ऐकून कळतो. "घ्या! काईच नाई निघालं. मंग आता?" हे 'मंग आता' त्या मला विचारत नव्हत्या. रेखानं कागद घेतला, घडी घातली, घडीची घडी घातली. बाहेर गजानन मोटरसायकलला टेकून उभा होता. आईकडे पाहिना, बायकोकडे पाहिना. एका गाडीवर तिघं गेली. मधे बसलेल्या रेखाची पाठ मला दिसत राहिली.

डॉक्टर म्हणाले, यंत्र तपासा. तपासलं. ज्याचं उत्तर आधीच माहीत असतं असा तयार प्लाझ्मा येतो, तो लावून पाहिला, यंत्र सरळ होतं. मग माझं डोकं फिरायला लागलं. एकच दंड, एकच सुई, एकच नळी. एका पातेल्यातला भात खामगावात कच्चा आणि पुण्यात शिजलेला, हे कसं? स्वयंपाक करताना तेच, भांडी घासताना तेच. घरी आमचे हे म्हणाले, "लॅबमधलं लॅबमध्ये ठेवत जा ना." पण प्रश्न काही डब्यात बंद होत नाही.

डॉक्टरांना विचारलं. डॉक्टरांचा एक गुण मी सांगते, त्यांना 'माहीत नाही' म्हणायची लाज नव्हती. म्हणाले, "मलाही कोडंच आहे, मंदाताई. पुण्याला विचारू." आणि फोन टेबलावर ठेवून आवाज मोठा केला.

तिकडे एक बाई डॉक्टर होत्या. सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "प्लाझ्मा किती वेळा फिरवला होता?"

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "एकदा."

"आणि मग गोठवला?"

"एकदम दगड!" मी अभिमानानं सांगितलं.

मग त्या हळूच म्हणाल्या, "ताई, तिथेच ते लपलं. पुढच्या वेळी दोनदा फिरवा. तळाचं घेऊ नका. मगच गोठवा."

फोन ठेवल्यावर डॉक्टरांनी पुस्तकं काढली. चहा आला, गार झाला. त्यांनी चिठ्ठीच्या कोऱ्या बाजूवर गोल गोल काढून मला जे समजावलं, ते मी माझ्या शब्दांत सांगते.

प्लेटलेट आता सगळ्यांना माहीत आहेत, डेंगूनं ओळख करून दिली. त्या रक्तातल्या बारीक पेशी. जखम झाली की जमतात आणि भोक बुजवतात. पण या प्लेटलेट, आणि रक्तातल्या दुसऱ्याही पेशी, अगदी रक्तवाहिनीच्या आतलं अस्तरसुद्धा, डिवचलं गेलं किंवा मोडलं की अंगाचे बारीक तुकडे सोडतात. इतके बारीक की आमच्या दुर्बिणीत दिसतही नाहीत. त्यांना मायक्रोपार्टिकल म्हणतात, सूक्ष्मकण. डॉक्टर म्हणाले, पूर्वी मोठमोठे शास्त्रज्ञही याला नुसती धूळ समजत होते.

मी म्हटलं, "धूळ नाही साहेब, कुटार."

आमच्याकडे मळणी झाली की दाणा पोत्यात जातो आणि उरलेला भुसा, फोलपटं, काडीकचरा, ते कुटार. हलकं म्हणून कोणी जमेत धरत नाही. पण वाऱ्यानं उडून नालीत बसलं की नाली तुंबते. डोळ्यात गेलं की डोळा लाल होतो, सुजतो. आणि जाणता माणूस चिमूट हातात घेऊन सांगतो, हे तुरीचं, हे हरभऱ्याचं.

डॉक्टर टेबलावर हात मारून म्हणाले, "अगदी तेच!" हे कणही आपण कोणत्या पेशीचे ते अंगावर घेऊन फिरतात. ते गोठण्याला हातभार लावतात आणि सूजही भडकवतात. गोठवतात कसे? पेशीचं कातडं गोधडीसारखं असतं, आतली बाजू वेगळी, बाहेरची वेगळी. तुकडा सुटताना बऱ्याचदा गोधडी उलटी होते आणि आतली बाजू बाहेर येते. रक्त चाचपूनच पाहणारं. त्याला ही आतली बाजू हाताला लागली की वाटतं, इथे काहीतरी फाटलंय, आणि गोठवणारी मंडळी येऊन त्यावर बसतात. सूज कशी? हेच कण पांढऱ्या पेशींना आणि रक्तवाहिनीच्या अस्तराला जाऊन भिडतात, त्यांना जागं करतात. जागं झालेलं अस्तर आणखी कण सोडतं. म्हणजे कुटारानं डोळा चुरचुरला, डोळा चोळला, आणखी चुरचुरला.

पण मी हेही विचारलं, की मग हे वाईटच का? डॉक्टर म्हणाले, नाही. थोडे कण प्रत्येकाच्या रक्तात असतातच, आणि रक्त थांबवायला कामी येतात. ते बरोबरच आहे. कुटार ढोरांच्या पोटात जातं तेव्हा त्याचंच दूध होतं. प्रश्न किती आणि कुठे याचा.

आता रेखा. डॉक्टरांना संशय होता, की तिच्या रक्तात एक चुकार पहारेकरी तयार झालाय. आपलं शरीर रोगजंतूंशी लढायला प्रतिपिंडं करतं. काही जणांत ती आपल्याच माणसांवर उठतात. हा पहारेकरी त्या उलट्या गोधडीवर जाऊन बसतो. काचेच्या नळीत तो जागा अडवून बसला की गोठणाऱ्यांना बसायला जागा मिळत नाही, म्हणून रक्त रेंगाळतं. मी पाहिलं ते हेच.

"मग तिचं रक्त उशिरा गोठतं, तर लेकरू का जातं?"

"हीच तर गंमत आहे. अंगात उलटं होतं. नळीची भिंत मेलेली, मंदाताई. रक्तवाहिनीची भिंत जिवंत आहे. हा पहारेकरी तिला डिवचतो, पेशी कण सोडतात, सूज येते, गुठळ्या होतात. लेकराला पोसणाऱ्या वारेतल्या वाहिन्या केसासारख्या. तिथे गुठळ्या झाल्या की लेकराचं दाणापाणी तुटतं." मग थांबून म्हणाले, "यातलं सगळं अजून कोणालाच नीट कळलेलं नाही." ते ऐकून मला फार बरं वाटलं. शोधायला काही शिल्लक आहे तर!

आणि पुण्याच्या रिपोर्टात तो पहारेकरी दिसला का नाही? आम्ही एकदाच फिरवलं. पिवळ्या पाण्यात बऱ्याच प्लेटलेट तरंगत राहिल्या. आमच्या त्या दगडासारख्या बर्फानं त्या फुटल्या. कुपीत कुटारच कुटार झालं. पहारेकरी त्या कुटारावर बसून तिथेच अडकून पडला, पुण्याच्या तपासणीला कोणी अडवायला उरलंच नाही, आणि रक्त वेळेवर गोठलं. जे कुटार अंगात घात करत होतं, तेच कुपीत घात करणाऱ्याला लपवत होतं. बर्फ जितका पक्का, तितकं लपवणंही पक्कं.

आता रेखाला पुन्हा आणायचं होतं. गजाननच्या मोबाइलवर फोन केला, उचलला कौसल्याबाईंनी.

"अजून रगत? तुमीच म्हणलं ना नॉर्मल हाय म्हणून? तिले तं आता माहेरी धाडून राह्यलो आम्ही. परवा तिचा भाऊ येते घ्याले."

आता या बाईला पेशी आणि कण काय सांगू? तोंडातून निघालं ते असं, "कौसल्याबाई, मेथी किती पाण्यातून काढता तुम्ही?"

"आँ?"

"मेथी. एकदाच धुतली तर?"

"एकदा? कचकच लागन तोंडात. तीन पाण्यांतून काढा लागते. अन् खाली बसलेल्या पाण्याले ढवळाचं नाई, वरून वरून उचलाची."

"तेच चुकलं. रेखाचं रक्त एकाच पाण्यातून काढलं होतं."

त्यांनी तिकडे कोंबड्या हाकलल्या. मग, "मंग आधी काऊन नाई सांगतलं?"

"आधी आम्हालेच माहीत नव्हतं."

"उद्या आणतो," म्हणाल्या. "पण हे शेवटचं."

दुसऱ्या दिवशी दोघी आल्या. रक्त काढलं. यंत्रात ठेवलं, बटण दाबलं, आणि लाइन गेली. इन्व्हर्टरवर दिवे चालायचे, फिरवायचं यंत्र नाही. वीज मंडळात फोन लावला तर म्हणे डीपी जळाला, संध्याकाळ होईल. रक्त तेवढा वेळ थांबत नाही, काही तासांत फिरवून वेगळं करावंच लागतं. डॉक्टर अकोल्याला गेले होते. पुन्हा रक्त काढायला पुन्हा या म्हणावं, तर 'हे शेवटचं' कानात वाजत होतं, आणि दुसऱ्या दिवशी रेखाचा भाऊ येणार होता.

रस्त्यापलीकडे मंगल कार्यालय. तिथे लग्न होतं आणि जनरेटर धडधडत होता.

"हे यंत्र तिकडे न्यावं लागेल," मी म्हटलं. "पण उचलणार कोण? जड आहे."

कौसल्याबाईंनी यंत्राकडे पाहिलं, जसं वांग्यांच्या पाटीकडे पाहतात तसं. पदर काढला, गुंडाळून चुंबळ केली, डोक्यावर ठेवली. "लावा हात."

आणि त्या बाईनं ते यंत्र डोक्यावर घेऊन भर दुपारी रस्ता ओलांडला. मागे मी, हातात नळ्या छातीशी धरून. तिच्या मागे रेखा, दंडावर कापूस दाबून. बँडवाल्यांना वाटलं आहेर आला. त्यांनी जोरात वाजवलं.

स्वयंपाकघरात आचारी बुंदी पाडत होता. "काय मिक्सर आणला काय हो? चटणी वाटाची हाय?"

"भाऊ, थोडी लाइन पाहिजे. रक्त फिरवायचंय."

झारा हातातच राहिला. "रगत? लग्नाच्या घरी? न्या न्या, बाहेर न्या! असा अपशकुन असते काय?"

मी काही बोलायच्या आधी कौसल्याबाई बोलल्या. यंत्र अजून डोक्यावरच होतं. "कायचा अपशकुन बे? लगन कायले लावता तुमी? घरात पाळणा हलाव म्हणूनच ना? मंग माह्या घरच्या पाळण्याचं काम हाय हे. सरक तिकडे."

आचारी सरकला. एवढंच नाही, कडप्प्याचा ओटा पुसून दिला. हे यंत्र समपातळीवर लागतं, नाहीतर नाचतं. रक्ताच्या नळीसमोर तेवढ्याच वजनाची पाण्याची नळी ठेवावी लागते, तराजूसारखी. मी पाणी भरताना आचारी डोकावून म्हणाला, "दोन्ही पारडे बराबर, व्वा!" आता तोही आमच्यातला झाला होता.

एकदा फिरवलं. पिवळं पाणी वरून वरून काढून दुसऱ्या नळीत घेतलं. पुन्हा फिरवलं. बाहेर मंगलाष्टकं चालली होती आणि आत तीन बाया ओट्याकडे तोंड करून उभ्या. यंत्र थांबलं. मी नळी वर धरली.

कौसल्याबाईंनी डोळे बारीक केले. "तळाले तं काईच दिसत नाई."

"दिसत नाही, तेच नडलं होतं."

मी वरचं पाणी उचलत होते, तळ सोडून, तेव्हा माझा हात हलायला नको म्हणून कौसल्याबाई रेखाला म्हणाल्या, "श्वास नको घेऊ जोरानं." आचाऱ्यानं आम्हाला बुंदी दिली. रेखानं खाल्ली. मला आठवतं, सासूनं आपल्या द्रोणातली निम्मी तिच्या द्रोणात टाकली, आणि आपण काही केलंच नाही असं तोंड केलं.

पुण्याहून आलेल्या या वेळच्या कागदावर ते निघालं.

मी दोघींना बोलावलं. रेखानं विचारलं, "निघालं?" मी म्हटलं, "निघालं." ती बाकावर बसली आणि ओक्साबोक्शी रडली. बाहेर बसलेल्या लोकांना वाटलं, काहीतरी भयंकर निघालंय पोरीला. एक म्हातारी तिच्या पाठीवरून हात फिरवायला लागली. तिला काय सांगणार, की ही आनंदानं रडतेय म्हणून! भाऊ ठरल्या दिवशी आला होता, पण कागद यायचा बाकी म्हणून चहा पिऊन एकटाच परत गेला होता.

तीन महिन्यांनी पुन्हा तपासावं लागतं, कारण हा पहारेकरी कधीकधी तापाबिपात येतो आणि निघून जातो. हिचा गेला नव्हता. पुढे दिवस राहिले तेव्हा डॉक्टरीणबाईंनी एक बारीक गोळी आणि पोटावर रोज टोचायचं इंजेक्शन सुरू केलं. रेखाला स्वतःला टोचवेना, गजानन तर सुई पाहूनच बाहेर जायचा. टोचायला शिकल्या कौसल्याबाई. मी त्यांना वांग्यावर सराव करायला सांगितलं. म्हणाल्या, "वांग्याले दुखत नाई बाई, म्हणून थे सोपं हाय." मुलगी झाली. जरा लहान, पण आवाज आजीचा.

याच्या आत एक गोष्ट आहे, ती सांगितल्याशिवाय मला पुढे जाता येत नाही. रेखाच्या आधीही अशा बायकांची रक्तं आमच्याकडून पुण्याला गेली होती. एकदा फिरवलेली, दगडासारखी गोठवलेली. नॉर्मल म्हणून परत आलेली. तेव्हा आमच्या बाजूच्या सगळ्याच लॅबांत असंच चालायचं. डॉक्टरांनी डॉक्टरीणबाईंना सांगून त्यांना परत बोलवायला लावलं. काही आल्या. त्यातल्या काहींचं खरोखरच नॉर्मल होतं. पण काहींना सासरच्या पत्त्यावर निरोप गेला, आणि ते सासर आता त्यांचं राहिलं नव्हतं. त्यांच्या रक्तात काय होतं ते मला कधी कळणार नाही. बारीक कुटार कुठवर उडत जातं, ते तेव्हा समजलं.

मी काम सोडायच्या थोडं आधी रेखा पुन्हा आली. डॉक्टरीणबाईंनी नेहमीची तपासणी सांगितली होती. सोबत कौसल्याबाई, आणि त्यांचं बोट धरून नात. पोरगी माझ्या यंत्राकडे बोट दाखवून म्हणाली, "आजी, हेच का तुह्या डोक्यावरचं?" म्हणजे घरी ही कथा रोज लागत होती.

मी रक्त काढलं, कापूस लावला. रेखानं विचारलं, "मावशी, थे अजून हाय का माह्या रगतात?"

"असणार. ते सहसा जात नाही."

"मंग?"

मी उत्तर जुळवत होते, तेवढ्यात कौसल्याबाईच बोलल्या. "मंग काय? माह्या जिभेवानी हाय थे. जात नाई. सांभाळून घ्या लागते."

रेखा हसली. मग एकदम हसू आवरून सासूकडे पाहायला लागली, कारण दुसरी बायको, न उगवणारं वावर, त्या जिभेवरचं ते सगळं त्या घरात परत कोणी कधी काढलं नव्हतं. म्हातारीनं मात्र तिच्याकडे पाहिलं नाही. पुढे होऊन माझं बोट बाजूला केलं आणि सुनेच्या दंडावरच्या कापसावर आपला अंगठा दाबून धरला.

थोड्या वेळानं मी म्हटलं, "झालं कौसल्याबाई. धरलं रक्तानं. सोडा आता."

"राहू द्या," म्हणाल्या. "मले काई घाई नाई."